केळीबागांच्या उशाचा डोंगर

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत डाव्या खिडकीला बसलं की सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा ही स्टेशनं केळीच्या पानांमधूनच येतात आणि जातात. पानांच्या वर, उत्तरेला, एक निळसर भिंत गाडीबरोबर चालत राहते. ती मागेही पडत नाही आणि जवळही येत नाही. बाहेरगावचा प्रवासी विचारतो, हा कोणता डोंगर? खानदेशी माणूस मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, सातपुडा. त्यात पाहण्यासारखं काय आहे, असा त्याचा सूर असतो. डोंगर जन्मापासून तिथंच आहे, मग बघायचं काय?

बघायचं हे की ज्या केळीवर रावेर जगतं ती केळी या भिंतीच्या पायथ्याशी योगायोगानं आलेली नाही. इथं वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. केळीला बारा-चौदा महिन्यांत १८०० मिलिमीटरांच्या वर पाणी लागतं. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढं जातो आणि लू अशी वाहते की दुपारी बागेच्या कडेची पानं फाटून चिंध्या होतात. अशा मुलखात कोरडवाहू ज्वारी-कापूस पिकावा. पिकते मात्र भौगोलिक मानांकन मिळवलेली जळगावची केळी. मधल्या फरकाचं पाणी येतं कुठून, या प्रश्नाचं उत्तर खिडकीतून दिसणाऱ्या त्या निळ्या रेषेत आहे. आणि ज्या जंगलात अस्वल, तरस, चौशिंगा आणि जगात फार थोड्या ठिकाणी उरलेला रानपिंगळा राहतो ते जंगलही त्याच रेषेत आहे. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या खात्यांत टाकल्या आहेत. पाणी पाटबंधाऱ्याचं, प्राणी वनखात्याचे. डोंगराला ही वाटणी ठाऊक नाही.

रावेर तालुक्याच्या दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा आणि त्याच्या पलीकडे मध्य प्रदेश. नदी ते डोंगर हे अंतर मोटारसायकलवर तासाभराचं. पण तेवढ्यात जमीन चार रूपं घेते. तापीकाठी घळींनी खाल्लेली, चिरफाळलेली जमीन. तिच्यावर गाळाचं सपाट मैदान, तिथं केळी. डोंगर जवळ आला की रस्ता न कळत चढू लागतो, मातीत गोटे दिसू लागतात, मातीचे बांध संपून दगडांचे बांध सुरू होतात. आणि मग डोंगर, एकदम उभा. टेकड्या, उंचवटे अशी काही प्रस्तावना नाही. खिरोद्याकडून डोंगरातल्या पालच्या रस्त्याला लागलं की गाडीचा गिअर जिथं बदलावा लागतो, साधारण तिथंच मैदान संपतं.

हा उभेपणा भूगर्भातल्या मोडतोडीचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून दख्खनचं पठार झालं. पुढं इथल्या कवचाला पूर्व-पश्चिम भेगा पडल्या. नर्मदेची आणि तापीची पट्टी खाली खचली, मधला ठोकळा वर उभा राहिला. तो सातपुडा. म्हणून तर बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावलेली तापी गोदावरी-कृष्णेसारखी पूर्वेला न जाता त्या खचलेल्या पट्टीतून ७२४ किलोमीटर पश्चिमेला धावत सुरतेजवळ समुद्राला मिळते. या भेगा पुरत्या बुजलेल्या नाहीत. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला डोंगराच्या पायाशी गरम पाण्याचा झरा आहे. भाविक तिथं अंघोळीला जातात. भूवैज्ञानिकाच्या लेखी तो खोल भेगेतून वर येणारा निरोप आहे. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहा रिश्टरच्या वरचा भूकंप झाला, तोही याच मोडतोडीचा. भूकंप म्हटलं की आपल्याला कोयना आणि किल्लारी आठवतात, सातपुडा आठवत नाही.

आता खरी गोष्ट पायथ्याची. सुकी, भोकर, मोर, अनेर या नद्या लांबीनं आखूड आणि स्वभावानं तापट. पावसाळ्यात दोन तासांत डोंगरावरून खाली येतात, येताना बेसाल्टचे धोंडे गडगडत आणतात. डोंगराच्या तोंडाशी उतार एकदम संपतो. पाण्याचा जोर ओसरतो आणि नदी हातातलं ओझं टाकते. आधी मोठे धोंडे, मग गोटे, मग खडी, मग वाळू आणि सगळ्यात शेवटी, दूर मैदानात, बारीक गाळ. हजारो वर्षं हे चाललं की प्रत्येक नदीच्या तोंडाशी धोंड्यागोट्यांचा एक पंखा पसरतो. शेजारशेजारचे पंखे एकमेकांत मिसळले की डोंगराच्या पायाशी एक सलग पट्टा तयार होतो. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. भूजल सर्वेक्षणाच्या सभांना बसून बसून हा शब्द आता केळीवाल्यांच्या तोंडीही बसलाय.

गारबर्डीच्या धरणाखाली सुकीच्या पात्रात उतरून पाहावं. पायाखाली काळे, करडे, विटकरी गोटे. काही इतके गुळगुळीत की चपलेसकट पाय घसरतो, काहींच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. ते ठिपके म्हणजे लाव्हातले जुने बुडबुडे, ज्यांत मागाहून खनिजं भरली. एक गोटा उचलला की खाली ओल लागते. दुसरा, तिसरा काढत गेलं तर वीतभर खोलीवर बोटांना गार पाणी लागतं, आणि वरचं पात्र मात्र ठणठणीत कोरडं. नदी संपलेली नाही, तळमजल्यावर राहायला गेली आहे. उघड्या विहिरीच्या काठावर उभं राहून खाली पाहिलं तर हेच उभ्या छेदात दिसतं. वर काळी माती, मग पिवळी, तिच्यात चुनखडीचे खडे, मग गोट्यांचा एक थर, पुन्हा पिवळी माती, पुन्हा गोटे. प्रत्येक गोट्यांचा थर म्हणजे नदीचा एक जुना मोठा पूर. बझाड्यात मुरलेलं पाणी या थरांवाटे दक्षिणेला, केळीबागांच्या खाली सरकत जातं. सगळं मैदान हा एक रांजण धरला तर हा दगडधोंड्यांचा पट्टा त्याचं तोंड आहे. रांजण रावेर-सावद्याच्या अंगणात आणि तोंड मात्र डोंगरात.

हे फक्त आपल्याकडेच घडलंय असं नाही. अमेरिकेत ओरेगॉन राज्याच्या उंच वाळवंटात हार्ट माउंटन नावाचा डोंगर आहे. तोही असाच भेगेवर उचललेला ठोकळा. पश्चिमेचा कडा वॉर्नर खोऱ्यातून सुमारे ३६०० फूट उभा चढतो, पायथ्याशी तसेच पंखे. तिथल्या प्राँगहॉर्न हरणांसाठी १९३६ साली तो डोंगर राखीव केला गेला. हार्ट माउंटनवर १९९० च्या सुमारास गुरांची चराई बंद केली. दोन दशकांनी जुन्या फोटोंच्याच जागी उभं राहून पुन्हा फोटो काढले, तेव्हा ओढ्यांच्या काठची उघडी माती जवळपास ९० टक्क्यांनी कमी झालेली होती. वेगळं काही लावलं नव्हतं, बांधलं नव्हतं. गवत आणि वाळुंज आपसूक परत आलं. हा दाखला सातपुड्याला जसाच्या तसा लागू करा असं मी म्हणणार नाही, त्याचं कारण पुढं येईल. पण उघडा उतार झाकला गेला की ओढ्याचं वागणं बदलतं, एवढं तरी त्यातून घ्यावं.

आणि इतक्या लांब जायचीही गरज नाही. रावेरहून तासाभरावर बऱ्हाणपूर आहे. तिथं १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकारानं सातपुड्याच्या उताराकडून जमिनीखालून पाणी शहरात आणलं. दोहे लिहिणारा रहीम म्हणजे हाच खानखानान. जमिनीखाली बोगदा, त्यावर ठराविक अंतरानं विहिरीसारख्या शंभरावर कुंड्या, आणि बोगद्याला इतका हलका उतार की पाणी आपल्या वजनानं चालत शहरापर्यंत यावं. कुंडी भंडारा म्हणतात त्याला. इराणच्या वाळवंटात डोंगरपायथ्याचं पाणी असंच आणतात. ना मोट, ना पंप. त्या माणसानं डोंगर पाहिला, पायथा पाहिला आणि पाणी कुठं लपलंय ते ओळखलं. बऱ्हाणपूरला लाख माणसं आणि मोगलांची छावणी पाजणारा तो पायथा आणि आपला पायथा एकच, मध्ये फक्त राज्याची सीमा आली. रावेरच्या शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात, शेगावला जातात. कुंडी भंडाऱ्यात उतरलेला विद्यार्थी मला भेटलेला नाही.

आता परत आपल्या डोंगरावर. पालला पोचल्यावर हवा बदलते, असं सगळे सांगतात. बदलते, पण महाबळेश्वरसारखी नाही. हे कोरडं जंगल आहे. दक्षिणेकडे तोंड करून उभे असलेले उतार दिवसभर ऊन खातात, तिथं साळई. तिच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे निघतात आणि खोडाला चीर दिली की धुपाचा वास सुटतो. उघड्या खडकावर कुठं कुठं पांढऱ्याशुभ्र अंगाचं कढई किंवा कुलूचं झाड, चांदण्या रात्री अंगावर येणारं. कराया डिंक त्याचाच. खोऱ्यात उतरलं की साग, धावडा, तिवस, टेंभुर्णी, मोह, चारोळी. पण मला विचाराल तर या डोंगराचं खरं झाड अंजन. आपट्यासारखी जोडपानं, नाजूक लोंबत्या फांद्या, आणि लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. जिथं माती म्हणून चार बोटं नाही तिथं अंजन खडकाच्या फटीत मूळ घालतो. वर्षानुवर्षं ते मूळ जाड होत फट रुंदावतं, आणि त्याच फटीतून पावसाचं पाणी आत जातं. चैत्रात सगळं रान उघडं पडलेलं असताना अंजनाला तांबूस कोवळी पालवी येते, तेव्हा शेळ्या-गुरं आणि हरणं सगळ्यांची नजर तिच्याकडे. पायथ्याच्या गावांत अंजनाचा पाला गुरांना घालतात. दुष्काळात तर या झाडानं दावणीची किती गुरं वाचवली असतील याचा हिशेब नाही.

यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं, क्षेत्र १७७.५२ चौरस किलोमीटर. नाव यावलचं, पाहुणे बहुतेक रावेर तालुक्यातल्या पालवरून आत शिरतात. लंगडा आंबा, जामन्या, गाडऱ्या, उसमळी या पाड्यांची नावं ऐकली की खानदेशात अजून अभयारण्यच डोळ्यापुढं येतं. पूर्वेला बऱ्हाणपूरच्या जंगलांतून मेळघाटाशी आणि पश्चिमेला धुळे जिल्ह्यातल्या अनेर अभयारण्याशी याचा धागा जुळतो. म्हणून इथं वाघ दिसला की तो इथलाच असतो असं नाही. तो वाटसरू असू शकतो. कायमचे रहिवासी वेगळे. अस्वल मोहाच्या हंगामात पहाटे झाडाखाली फुलं वेचायला येतं, त्याच वेळी पावरा बायाही टोपल्या घेऊन त्याच झाडाखाली येतात. दोघांची वेळ एकच आणि सगळी भांडणं तिथंच. तरस, लांडगा, रानकुत्रे, साळिंदर, खवले मांजर, भेकर, सांबर. उघड्या माळाकडच्या कडेला चिंकारा, जो पाल्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढू शकतो. रात्री एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाणारी उडती खार. चौशिंगा मात्र पाण्यापासून फार लांब जात नाही. उन्हाळ्यात तो कुठल्या नाळीत आहे हे पाहिलं की त्या नाळीत अजून पाणी आहे हे कळतं.

या सगळ्यांत मोठी कहाणी वीतभर पाखराची आहे. रानपिंगळा. गावातल्या पिंगळ्याचा चुलतभाऊ, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर गडद पट्टे, पाय दणकट आणि शिकारीला बाहेर पडायची वेळ भर दिवसाची. एफ. आर. ब्लेविट यानं छत्तीसगडच्या बाजूला मिळवलेल्या एका नमुन्यावरून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचं वर्णन केलं. हेच ह्यूम पुढं काँग्रेसच्या स्थापनेत होते. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं तापीच्या खोऱ्यात काही नमुने मिळवले, शेवटचा १८८४ साली. मग पाखरू गडप.

मधे एक भलतीच भानगड झाली. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञाच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ आपण तो टिपला, अशी त्याची चिठ्ठी. नंतरचे शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबून भलत्या जागी फिरले आणि रिकाम्या हातानं परतले. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना क्ष-किरणांखाली तपासला, तेव्हा निघालं की हा डेव्हिडसननं मिळवलेलाच एक नमुना. संग्रहालयातून चोरून, उसवून, नव्यानं भरून, खोटी चिठ्ठी लावलेला. रासमुसेनबाईंनी ती खोटी नोंद बाजूला काढली आणि डेव्हिडसनच्या जागांवर भर दिला. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह, शहाद्याजवळच्या जंगलात उघड्या झाडावर त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. शोध लागल्यावर सातपुड्याच्या इतर खोऱ्यांतही पाहणी झाली. तोरणमाळ, मेळघाट, खंडवा-बऱ्हाणपूरच्या रानांत तो सापडला, आणि आपल्या यावलच्या जंगलातही.

खानदेशचं पाखरू जगाच्या हिशेबातून शतकभर पुसलं गेलं, आणि एका परदेशी माणसाच्या चोरीपायी त्याचा शोधही भरकटला. आणि ते पुसलं गेलं याचा खानदेशात कुणाला पत्ता नव्हता, हेही खरंच. रानात राहणाऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढं ते इतकी वर्षं उडतच असणार.

रानपिंगळ्याला किर्र झाडी लागत नाही. त्याला विरळ साग, मधे मधे उघडी जमीन, सरडे-सापसुरळ्या-उंदीर आणि ढोलीचं जुनं झाड एवढं लागतं. गंमत अशी की आपली सगळी वनप्रेमी मोहीम ढोली सोडून बाकीचं द्यायला तयार असते. रोपं लावतो, फोटो काढतो, फलक लावतो. पण ढोली लावता येत नाही. तिला खोड जाड व्हावं लागतं, फांदी मोडावी लागते, तिथं कुजावं लागतं, मग सुतार पक्ष्यानं चोच मारावी लागते. यात दोन पिढ्या जातात. म्हणून वनखात्याच्या भाषेत जे झाड वाळकं, पोकळ, बिनकामाचं, ते रानपिंगळ्याच्या लेखी घर. असं एक झाड सरपणाला तुटलं तर शंभर रोपं लावूनही त्याची भरपाई त्याच्या हयातीत होत नाही.

प्राणी फक्त डोंगरावर राहतात असंही नाही. मुक्ताईनगर तालुक्यात वढोदा वनक्षेत्राच्या बाजूला, डोलारखेड्याच्या परिसरात पूर्णाकाठच्या केळीबागांमध्ये वाघांचा वावर आहे. केळीची बाग म्हणजे वाघाला काय? गार सावली, ठिबकचा ओलावा, रानडुकरं आणि माणसांची तुरळक ये-जा. उसात बिबट्या, तसा केळीत वाघ. या भागाला मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव असा दर्जा मिळाला आहे. तिथला शेतकरी रात्री मोटर सुरू करायला जाताना मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून जातो. ही सावधगिरी कुठल्याही पुस्तकात नाही, पण उपयोगाची आहे.

आता माणसांकडे. डोंगरात पावरा, बारेला. पायथ्याच्या गावांत तडवी भिल्ल. मैदानात लेवा पाटीदार आणि इतर शेतकरी. डोंगरातल्या माणसांचं वर्ष रानावर चालतं. पावसाळ्यात मुसळी, हिवाळ्यात डिंक, चैत्रात मोह, वैशाखात टेंभुर्णीची पानं. गेल्या तीन-चार दशकांत अभयारण्यात आणि भोवती झाडं तोडून शेतं झाली, हे कुणी नाकारू नये. काही भागांत तर सागाची खुंटंच उरली. वनरक्षकांवर हल्ले झाले, आदिवासींवर केसेस झाल्या. २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसणाऱ्यांना हक्क मान्य केला, तेव्हा खरे जुने कसणारे आणि मागाहून घुसलेले यांची सरमिसळ सोडवत बसणं आलं. ते काम अजून नीट झालेलं नाही.

हार्ट माउंटन जसंच्या तसं आणता येणार नाही ते म्हणून. तिथं गुरं बाहेर काढली की डोंगर मोकळा होता. (तिथल्या पाइयूट आदिवासींना त्याच्या कितीतरी आधी हुसकावलेलं होतं.) इथं डोंगर म्हणजे लोकांचं घर आहे. माझं मत स्पष्ट सांगतो. जंगल तुटण्याचा दोष एकट्या पावऱ्यांच्या माथी मारणं हा मैदानातल्या लोकांचा आवडता उद्योग आहे, कारण त्यात आपल्याला काही करावं लागत नाही. मोह वेचायला सोपं जावं म्हणून फाल्गुनात पाला पेटवतात, ते वाईटच. पण ती आग सागाच्या सावलीत थांबत नाही. उतारावरचा पाला जळतो, गवताचं बी जळतं, आणि जूनचा पहिला वळीव उघड्या राखेवर पडतो. मग माती सुटते, ओढ्यातून खाली येते आणि बझाड्याच्या गोट्यांमधल्या फटींत बसते. ज्या फटींतून पाणी आत जायचं त्या फटी मातीनं लिंपल्या जातात. पूर मोठा दिसतो, मुरतं कमी. पालच्या वरचा वणवा असा सावद्याच्या विहिरीत पोचतो.

आणि विहिरीत तरी काय उरलंय? आजोबांच्या काळात पाणी काढलं मोटेनं, मग इंजिननं, मग विजेच्या पंपानं. विहिरी आटल्या तसे तळाला आडवे-उभे बोअर मारले. आता बोअर ५०० फुटांच्या खाली जातात आणि तिथंही कधी धुरळा निघतो. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या सरकारी मोजणीत अनेक वर्षं अतिशोषित म्हणून नोंदले गेले. म्हणजे मुरतं त्याहून जास्त उपसलं जातं. ठिबक आल्यावर पाणी वाचेल अशी आशा होती. झाडामागं वाचलं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी बाग लागली. पावसाळ्याच्या तोंडावर लावायची मृगबाग झाली, दिवाळीच्या सुमारास लावायची कांदेबाग झाली, जुन्या झाडाच्या पिलांवरची पिलबागही धरली. यात शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वादळानं एका दुपारी उभी बाग आडवी होते, विषाणूनं रोपं उपटून फेकावी लागतात, भाव व्यापाऱ्याच्या फोनवर ठरतो. अशा धंद्यात माणूस आज हाती असलेलं पाणी उपसणारच.

उपाय माहीत नाही असंही नाही. नव्वदच्या दशकात केंद्रीय भूजल मंडळानं यावल तालुक्यात केळीपट्ट्यासाठी आणि वरुडला संत्र्यासाठी कृत्रिम पुनर्भरणाचे प्रयोग केले. पाझर तलाव, पुनर्भरणाच्या विहिरी, शाफ्ट. तेव्हापासून हे कळलेलं आहे की बझाड्यात अडवलेलं पाणी इतर कुठल्याही जागेपेक्षा लवकर आत जातं. आता मोठी योजना पुढं आली आहे. १० मे २०२५ ला भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांनी तापी मेगा रिचार्जच्या करारावर सह्या केल्या. सीमेवर खारिया गुटी घाटाजवळ बंधारा, तिथून दोन्ही काठांनी कालवे आणि त्या कालव्यांतून पायथ्याच्या पट्ट्यात पाणी सोडायचं. एकूण ३१.१३ टीएमसी, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला १९.३६. हे व्हावं, लवकर व्हावं. पण या आकड्यांत एक गोष्ट दिसत नाही. कालव्यानं आणलेलं पाणीही शेवटी त्याच गोट्यांमधून आत जायचं आहे. वरचे उतार उघडे राहिले तर दर पावसाळ्यात मातीचा नवा थर त्यांवर बसणार, आणि मग कोट्यवधींचं पाणी बंद दारासमोर उभं राहणार. योजनेच्या खर्चातला एक तुकडा डोंगर झाकण्यासाठी राखला नाही तर ती योजना अर्धी आहे, असं मला वाटतं.

तो तुकडा कुणाच्या हाती द्यावा, हेही डोंगर पाहिल्यावर कळतं. वणवा अडवायची रेष कोण काढणार, गवत कोण राखणार, ढोलीचं झाड कुठलं आहे हे कुणाला ठाऊक आहे? लंगडा आंबा आणि जामन्याच्या माणसांना. त्यांच्या दावणीला चारा, हाताला काम आणि कसत्या जमिनीचा कागद मिळाला तर वणवा विझवायला जीप लागणार नाही. मोहाच्या झाडाखाली पाला जाळण्याऐवजी जाळी अंथरली तर फुलं स्वच्छ मिळतात आणि भावही बरा येतो. एका जाळीची किंमत काय, तर केळीच्या एका गाडीच्या हमालीहूनही कमी.

दिवाळीच्या आसपास रावेर-यावलमध्ये कांदेबागेची लागण चाललेली असते आणि ओढ्यांना अजून पाणी असतं. केळीवाल्यांना माझं सांगणं आहे की या दिवसांत एकदा खिरोद्यावरून पालला जाऊन या, गारबर्डीखाली सुकीच्या पात्रात उतरा, दोन गोटे उचलून खालची ओल हातानं बघा. परत आल्यावर आपल्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. बझाड्यातल्या नाल्यांचे गोटे आणि मुरूम उपसायला परवानगी देऊ नये, हा पहिला. आणि गावाच्या निधीतून काही रक्कम दर फाल्गुनाआधी वरच्या पाड्यांना वणव्याच्या रेषा काढण्यासाठी द्यावी, हा दुसरा. दोन्हीसाठी मुंबईची किंवा भोपाळची सही लागत नाही.